रशियन, पोलिश, सर्बियन… सगळीकडे प्रेषिताला 'प्रोरोक'च का म्हणतात? संस्कृतशी काही नातं आहे का?

नातं आहे, पण अर्ध्या शब्दापुरतं. 'प्रोरोक'मधला 'प्रो' आणि आपला 'प्र' सख्खे भाऊ. 'रोक' आला 'बोलणे' या अर्थाच्या जुन्या स्लाव्ह (म्हणजे या सगळ्या भाषांच्या कुळातल्या) धातूपासून. काही व्युत्पत्तिकार तो संस्कृत 'रच्'शी जोडतात, पण त्यावर मी पैज लावणार नाही.

सगळीकडे एकच शब्द असण्याचं कारण भाषांतर. ८६३च्या सुमारास किरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ मोराव्हियात (आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या भागात) धर्मप्रसाराला गेले आणि ग्रीक धर्मग्रंथ स्लाव्ह भाषेत येऊ लागले. ग्रीक 'प्रोफेतेस'ची फोड करून, तुकड्याला तुकडा जोडून 'प्रोरोक' घडवला गेला. तोच साचा संस्कृतात ओतला की 'प्रवक्ता' निघतो! पक्षाचे प्रवक्ते रोज टीव्हीवर दिसतात म्हणून हसू येतं, पण मूळ अर्थ तोच: देवाच्या वतीने बोलणारा. भविष्य सांगणं नंतरचं. पोलंड रोमन चर्चचा, म्हणजे ग्रीक नव्हे तर लॅटिन परंपरेचा, तरी तिथेही 'प्रोरोक'च, कारण त्यांचे धार्मिक शब्द बरेचसे चेकांकडून आले. स्लोव्हेनियनमध्ये तेवढा 'प्रेरोक' होतो.

खरी गंमत 'रोक'च्या गोतावळ्यात आहे. रशियन शिकताना माझ्या पुस्तकात प्रत्येक धड्याच्या डोक्यावर 'उरोक' छापलेलं असायचं. पोलिशमध्ये तोच 'उरोक' म्हणजे मोहिनी, जादूटोणा. नुसता 'रोक' रशियनमध्ये नियती, पोलिश-चेकमध्ये वर्ष, सर्बियनमध्ये मुदत. पोलिश 'विरोक' म्हणजे कोर्टाचा निकाल. उच्चारलेला शब्द ठरलेली गोष्ट होतो, ठरलेली गोष्ट मुदत होते आणि मुदतीचं वर्ष होतं. आपण 'शब्द दिला' म्हणतो, त्याच वाटेने हे सगळं गेलंय.

संस्कृत सोडा, मराठीचा धागा थेट बोस्नियात सापडतो. तिथले मुसलमान 'पेइगांबेर' म्हणतात, म्हणजे आपला पैगंबरच: फारसी शब्द, त्यांच्याकडे तुर्कीमार्गे पोचलेला. दुसरा शब्द 'पोस्लानिक', 'पाठवणे' या क्रियापदावरून आलेला, म्हणजे हुबेहूब 'प्रेषित'. फक्त सर्बियात वर्तमानपत्र वाचताना जपा. तिथे 'नारोद्नी पोस्लानिक' म्हणजे खासदार.