पंख मिटतो, दुमडतो की त्याची घडी होते?

प्रश्न असा आहे: बोइंगच्या ७७७एक्स या नव्या विमानाबद्दल मराठीत लिहिताना 'फोल्डिंग विंगटिप'ला काय म्हणावं? विचारणाऱ्यांनी तीन पर्याय सुचवले आहेत: मिटणारा पंख, घडीचा पंख आणि दुमडणारा पंख. शिवाय विमान गेटमध्ये 'बसतं' म्हणावं की आणखी काही, हेही विचारलं आहे.

माझं मत 'दुमडतं टोक' असं आहे. पण आधी ते टोक करतं काय, ते पाहू. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाशी वळसा घेऊन वर येते, तिथे भोवरे उठतात आणि त्यांत शक्ती वाया जाते. पंख लांब आणि निमुळता असला की हा तोटा कमी होतो, इंधन वाचतं. म्हणून हवेत या विमानाचा पंखविस्तार ७१.७५ मीटर आहे. जमिनीवर मात्र जागेचा प्रश्न येतो. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत 'ई' वर्गाच्या जागा ६५ मीटरच्या आतल्या विमानांसाठी असतात. त्यापुढे ८० मीटरच्या आतलं विमान 'एफ' वर्गात जातं, आणि तेवढ्या ऐसपैस जागा फार थोड्या विमानतळांवर आहेत. एअरबसचं ए३८० हे ७९.७५ मीटरचं विमान त्या वर्गातलं. ७७७एक्सनं दुसरी वाट धरली. उतरल्यावर दोन्ही पंखांची साडेतीन-साडेतीन मीटरची टोकं बिजागरीवर फिरून उभी राहतात आणि विस्तार ६४.८५ मीटरवर येतो. मर्यादेला उरतात १५ सेंटिमीटर, वीतभरही नाही! आणि या सगळ्याला लागतात साधारण २० सेकंद.

आता शब्द. 'मिटणे' हे क्रियापद फार देखणं आहे, मलाही मोह होतो. पण आपण मिटतो ती अख्खी वस्तू: डोळे, छत्री, पुस्तक. पक्षी फांदीवर टेकला की पंख मिटतो, म्हणजे सगळा पंख अंगाला लागतो. हा शब्द शोभतो तो विमानवाहू जहाजावरच्या विमानांना. आपल्या पहिल्या 'विक्रांत'वरच्या सी हॉक आणि अलिझे या विमानांचे पंख मधूनच वर वळत, कारण जहाजाच्या पोटात जागा फार तोकडी. (गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात ही दोन्ही विमानं पाहायला मिळतात.) तिथे 'पंख मिटलेलं विमान' खुशाल लिहावं. ७७७एक्सचा पंख मात्र गेटवरही पसरलेलाच असतो, फक्त त्याचं टोक उभं असतं. 'मिटतो' लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भलतंच चित्र येईल.

'घडी'चं त्याहून अवघड आहे. घडीत थरावर थर बसतो. साडीची घडी, पत्राची घडी, घडीची खुर्ची या सगळ्या वस्तू घडी केल्यावर चपट्या होऊन कपाटात किंवा भिंतीशी जातात. इथे तसं काहीच होत नाही.

'दुमडणे' मात्र कडेचं काम आहे. शर्टाची बाही दुमडताना मनगटाजवळचा भाग तेवढा उलटतो, खांदा-दंड जिथल्या तिथे. पानाचा कोपरा दुमडला तरी पान उघडंच असतं. यावर एक आक्षेप रास्त आहे: दुमडलेला कपडा स्वतःवर आडवा पडतो, विमानाचं टोक तर उभं राहतं. पण आपण गुडघ्यात पायही दुमडतो. तिथे सांधा आहे, कोन आहे, आणि पाय पुन्हा सरळ होणार हे गृहीत आहे. बिजागरीवरच्या टोकाला हा अर्थ चपखल लागतो.

रूप मात्र जपून निवडावं. 'दुमडलेलं टोक' लिहू नये. ए३२०सारख्या विमानांच्या पंखांची टोकं कारखान्यातूनच वर वळवलेली येतात आणि कायम तशीच राहतात. (तेही विमान ३५.८ मीटरचं, म्हणजे ३६ मीटरच्या 'सी' वर्गाच्या मर्यादेत जेमतेम राखलेलं.) त्या टोकाला 'वळवलेलं' म्हणावं. वारंवार दुमडणाऱ्या आणि सरळ होणाऱ्या टोकाला 'दुमडतं'. सरकता जिना, झुलता पूल, फिरता दवाखाना यांतला हा '-ता' वस्तूचा स्वभाव सांगतो. 'दुमडणारं' चूक नाही, पण त्यात 'आता दुमडणार आहे' अशी शंका डोकावते. 'पंखाग्र' शुद्ध असेल, तरी सुईला, पेन्सिलीला असतं ते 'टोक' मला जवळचं वाटतं.

कल्पना जुनी आहे, हेही सांगायला हवं. १९९०च्या दशकात पहिल्या ७७७लाही बोइंगनं दुमडत्या पंखांचा पर्याय देऊ केला होता, पण एकाही विमान कंपनीनं तो घेतला नाही. त्यामुळे तेव्हा मराठीला शब्दाची गरजच पडली नाही. ७७७एक्स २५ जानेवारी २०२० रोजी पहिल्यांदा उडालं आणि बातम्यांत 'फोल्डिंग' आलं.

राहिलं गेट. गेट म्हणजे इमारतीतलं दार. विमान उभं राहतं ती जागा म्हणजे स्टँड, आणि मीटरांचं बंधन असतं ते त्या जागेला. गाडी फलाटाला लागते तसं विमान गेटला 'लागतं', हे बोलण्यात रुळलेलं आहे, तेच ठेवावं. जागेबद्दल बोलताना 'बसतं' किंवा 'फिट होतं' यापेक्षा आपलं 'मावणे' वापरावं: टोकं दुमडली की ७७७एक्स 'ई' वर्गाच्या स्टँडवर मावतं.