फतवा ‘काढतात’ की ‘देतात’?

प्रश्न असा आहे : “शाळेने केसांच्या लांबीबद्दल फतवा काढला, साहेबांनी सुट्ट्या रद्द केल्याचा फतवा काढला, अशी वाक्यं नेहमी वाचनात येतात. फतवा म्हणजे हुकूमच ना? आणि क्रियापद कोणतं बरोबर, काढणे की देणे?”

आधी सरळ उत्तर. मराठीत ‘फतवा काढणे’ म्हणजे वरून आलेला, कुणाला न विचारता लादलेला हुकूम. हा अर्थ इतका रुळलाय की त्याला चूक म्हणण्यात हशील नाही. मूळ फतवा मात्र हुकूम नव्हे, तो अभिप्राय, आणि तोही विचारल्यावर दिलेला. म्हणून उर्दूत फतवा देतात आणि घेतात. आपण तो काढतो, कारण आपण आदेश, परिपत्रक, जीआर सगळं काढतच असतो. फतवाही त्याच फायलीत जाऊन बसला.

विचारणारा तो मुस्तफ्ती, त्याचा प्रश्न म्हणजे इस्तिफ्ता, आणि उत्तर देणारा मुफ्ती. या तिघांत हुकूम सोडणारा कुणीच नाही. बांधील निकाल द्यायचा तो काझीने, आणि अंमल करायचा तो राज्यकर्त्याने. वकिलाचा लेखी सल्ला आणि कोर्टाचा निकाल यांत जो फरक, तोच इथे. एका मुफ्तीचं पटलं नाही तर दुसऱ्याकडे जायला आडकाठी नसते.

उस्मानी तुर्कस्तानातले फतवे पाहिले की हे चटकन ध्यानात येतं. प्रश्नात खऱ्या माणसांची नावं नसत. पुरुष असेल तर जैद किंवा अम्र, बाई असेल तर हिंद. ‘जैदने अम्रचं घर विकत घेतलं आणि मग असं असं झालं, तर चालेल का?’ असा प्रश्न, आणि खाली शेख-उल-इस्लामचं, म्हणजे साम्राज्यातल्या सर्वांत वरच्या मुफ्तीचं, उत्तर बहुधा एका शब्दात : ‘ओलुर’, म्हणजे चालेल, नाहीतर ‘ओल्माझ’, म्हणजे चालणार नाही.

मग या सल्ल्याला हुकमाचा वास कुठून लागला? सगळा दोष मराठी वर्तमानपत्रांवर टाकायला मी तयार नाही. सत्तेला जेव्हा जेव्हा गरज पडली, तेव्हा तिने फतव्याचा शिक्का म्हणून वापर केला, हे आधुनिक इतिहासात पानोपानी दिसतं. एप्रिल 1909 मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद याला गादीवरून उतरवलं, ते फतवा वाचून दाखवूनच. मसुदा जुन्याच धाटणीचा : मुसलमानांचा इमाम असलेल्या जैदने धर्मग्रंथांत फेरफार केले, खजिना उधळला, प्रजेवर जुलूम केला, तर त्याला पायउतार व्हायला सांगणं किंवा पदच्युत करणं, यांपैकी कारभाऱ्यांना योग्य वाटेल ते करता येईल का? उत्तर : ‘ओलुर’. साक्षात सुलतान तिथे जैद झाला! बारकाईने पाहिलं तर मुफ्तीने फक्त ‘चालेल’ म्हटलंय, दोन पर्यायांतला एक निवडला तो संसदेने.

1920 मधली गोष्ट तर याहून बोलकी. इस्तंबूल दोस्त राष्ट्रांच्या ताब्यात होतं. एप्रिलमध्ये तिथले शेख-उल-इस्लाम दुर्रीजादे अब्दुल्ला यांनी मुस्तफा केमालच्या (पुढे अतातुर्क) राष्ट्रवाद्यांना बंडखोर ठरवणारा फतवा दिला. त्यावर अंकाराचे मुफ्ती रिफत यांनी उलट फतवा दिला आणि अनातोलियातल्या कितीतरी मुफ्तींनी त्यावर सह्या केल्या. शत्रूच्या दबावाखाली दिलेला फतवा ग्राह्य नाही, असा त्यांचा मुद्दा. हुकूम असता तर त्याला असा दुसरा हुकूम उभा राहिला नसता. पुढे 3 मार्च 1924 रोजी खिलाफत रद्द झाली, त्याच दिवशी धर्मकारभारासाठी ‘दियानेत’ हे सरकारी खातं निघालं, आणि त्याचे पहिले अध्यक्ष कोण? हेच रिफत. मुफ्ती सरकारी पगारपत्रकावर आला, की सल्ला आणि परिपत्रक यांतलं अंतर किती उरणार?

इजिप्तमध्ये ‘दार अल-इफ्ता’ हे फतवे देणारं सरकारी खातं त्याआधीच, 1895 मध्ये, सुरू झालं होतं. पण सरकारी मुफ्ती म्हणजे होयबा असंही नाही. 1899 पासून तिथे मुफ्ती असलेले मुहम्मद अब्दुह सुधारक होते. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधून त्यांना 1903 मध्ये प्रश्न आले : युरोपीय टोपी घालावी का, ख्रिश्चनांनी कापलेल्या जनावराचं मांस खावं का? त्यांनी मुभा दिली आणि कैरोत गदारोळ उठला. मनाई करणारा तोच फतवा, हा आपला समजही इथेच निकालात निघतो.

उलटा प्रकार इराणचा. शहाने तंबाखूचा मक्ता इंग्रजाला दिला. 1891 च्या अखेरीस शियांचे बडे धर्मगुरू मिर्झा हसन शिराझी यांच्या नावाने तंबाखू निषिद्ध ठरवणारा फतवा फिरला आणि शहाच्या जनानखान्यातले हुक्केसुद्धा बंद झाले. मक्ता रद्द करावा लागला. इथे शिपाई-प्यादे कुणाचेच नव्हते, पण परिणाम हुकमाला लाजवेल असा.

आपल्याकडे कंपनीच्या फौजदारी अदालतींत मौलवीचा फतवा खटल्याच्या कागदांत लागायचा आणि शिक्षा न्यायाधीश सुनवायचा. न्यायालयातली पंडित-मौलवींची ही पदं 1864 मध्ये रद्द झाली. 1989 मध्ये इराणचे सर्वोच्च नेते खोमेनी यांनी कादंबरीकार सलमान रश्दी यांना मृत्युदंड्य ठरवलं, तेव्हा मुफ्तीपण आणि राजसत्ता एकाच माणसात होती. जगभरच्या बातम्यांत फतवा म्हणजे मृत्युदंड हे समीकरण तिथून पक्कं झालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र जुलै 2014 मध्ये स्वच्छ सांगितलंय की फतव्याला कायद्याचं बळ नाही, तो कुणावर लादता येत नाही.

तेव्हा शाळेचा फतवा खुशाल ‘काढा’. त्यातला टोमणा ‘परिपत्रका’त येत नाही. खऱ्या मुफ्तीची बातमी असेल तर ‘अमुक प्रश्नावर फतवा दिला’ असं लिहावं आणि प्रश्न कुणाचा तेही द्यावं. बादशहाच्या आज्ञेला फर्मान हा चांगला शब्द आपल्याकडे आहेच, तिथे फतवा नको. अनेकवचन ‘फतवे’च, ‘फतावा’ हे अरबी अनेकवचन ‘फतावा-ए-आलमगिरी’ या औरंगजेबाच्या काळातल्या ग्रंथासारख्या नावापुरतं ठेवावं.