साठ मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही

"मावशी, मी नागपूरच्या कॉलेजात बीएस्सी सेकंड इयरला आहे, झूलॉजी घेऊन. मला मेंदूवरच काम करायचंय. मार्चपासून साठ न्यूरोसायन्स लॅबना समर इंटर्नशिपसाठी मेल केले, एकाचाही रिप्लाय नाही. मैत्रिणीचं तिच्या काकांच्या ओळखीनं झालं. आमच्या कॉलेजात माश्या मोजण्यापलीकडे काही शिकवत नाहीत, मला येतं तरी काय? आता एक कंपनी पंधरा हजारात पंधरा दिवसांची ऑनलाइन इंटर्नशिप अन् सर्टिफिकेट देऊन राहिली आहे, आई भिशीचे पैसे द्यायला तयार आहे. भरू का? — मानेवाड्याची एक"

नको भरू. आईला आजच सांग की भिशीचे पैसे राहू दे म्हणून, कारण जिथं तू कोणाच्या हाताखाली काम करत नाहीस अन् तुला काम करताना कोणी पाहत नाही, तिथलं सर्टिफिकेट पुढे कोणी विचारणार नाही. खऱ्या लॅबमध्ये पुष्कळदा उलट असतं, आपल्या तीन सायन्स अकादमी मिळून जी समर फेलोशिप देतात त्यात दोन महिने काम करायचे मुलांनाच पैसे मिळतात, वर येण्याजाण्याचा खर्चही. पण तिचे फॉर्म हिवाळ्यात, दिवाळीच्या आसपास निघतात आणि मुलं मार्चमध्ये जागी होतात, तुझंही तेच झालं. या वर्षी दिवाळीच्या फराळासोबत हे पण डोक्यात ठेव, आणि पात्रतेचे नियम त्या वर्षीचे नीट वाच.

तू तुझा मेल जोडून पाठवलास ते फार बरं केलंस. साठही जणांना तोच मेल, "रिस्पेक्टेड सर" म्हणून, आणि त्यातल्या कितीतरी मॅडम आहेत गं! कोणाच्या लॅबमध्ये काय चालतं त्याचा एक शब्द नाही, नुसतं मला न्यूरोसायन्सची फार आवड आहे. आवड खरी आहे, मला पत्रातून दिसते, पण त्यांना ती कशी दिसणार? माझी भाची माश्यांच्या लॅबमध्ये पीएचडी करते, तिला मुद्दाम फोन करून विचारलं. ती म्हणाली मावशी, सर हो म्हणतात पण शिकवायचं आम्हाला असतं, आठ आठवड्यातले दोन-तीन तर मुलीला काय कुठे ठेवलंय हे समजण्यातच जातात, आणि उंदरांचं काम असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते, नवख्या पोरीच्या हातात लगेच उंदीर देता येत नाही. म्हणून मेल वाचताना ते एवढंच बघतात की हिला आल्या आल्या हातात काय देता येईल.

आणि तू लिहितेस मला येतं तरी काय! अगं, माश्या येतात ना. ड्रोसोफिलाचं, म्हणजे फळमाशीचं, कल्चर लावणं, म्हणजे बाटलीत माश्या वाढवणं, ईथरनं गुंगी देऊन नर-मादी वेगळ्या करणं, पोटाचं काळं टोक आणि पुढच्या पायावरचा कंगवा बघून नर ओळखणं, हे तू सेकंड इयरला करून राहिली आणि त्याला काहीच नाही म्हणतेस? मेंदू कसा चालतो हे ज्या जिवांकडून कळलं त्यात ही चिलटाएवढी माशी आहे. ओबेद सिद्दिकी या शास्त्रज्ञांनी मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत हिच्यावरच काम केलं आणि पुढे बंगळुरूला एनसीबीएस ही जीवशास्त्राची संस्था उभी केली. 1976 साली त्यांचा आणि सेमूर बेन्झर या अमेरिकन शास्त्रज्ञांचा एक शोधनिबंध, म्हणजे पेपर, आला, अशा माश्यांवर की ज्या गरम झालं की लुळ्या पडतात आणि गार केलं की परत उठतात. मे महिन्यात आपल्याला हे वेगळं समजवावं लागत नाही म्हणा! अशा माश्यांत बिघडलेल्या एका जीनला पॅरा म्हणतात, तो नसांमधला सोडियम चॅनल, म्हणजे सोडियम आत सोडणारं दार, बनवतो, चॅनल बिघडला की सिग्नल पुढे जात नाही. आणि 2024 ला पूर्ण वाढलेल्या माशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा तयार झाला, जवळजवळ 1,39,000 न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूच्या पेशी, फ्लायवायर म्हणून, तो इंटरनेटवर फुकट बघायला मिळतो.

तर आता असं कर. साठ नाही, पाचच लॅब निवड, माश्यांवर काम करणाऱ्या. प्रत्येकीचा एक पेपर वाच, सगळा कळणार नाही, एक आकृती कळली तरी चालेल. मग मेलमध्ये चारच ओळी: अमुक आकृतीत अमुक दिसलं, मला हा प्रश्न पडला, मला माश्यांचं कल्चर आणि नर-मादी वेगळं करणं येतं, आणि मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत येऊ शकते. सर की मॅडम ते बघून लिही. पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर, नंतर सोड. गप्प राहणारा प्रत्येक जण तुला नाकारतच असतो असं नाही, बहुतेकांनी मेल उघडलेलाच नसतो.

मैत्रिणीचं ओळखीनं झालं याचा त्रास होणारच, तो मी कमी करू शकत नाही. पण तुझ्या प्रॅक्टिकलच्या मॅडम पण ओळखच आहेत, आणि पुढे शिफारसपत्र त्याच देतील. यंदाचा उन्हाळा तर गेलाच, घरी कल्चर लावायच्या भानगडीत पडू नकोस, माशीला पंचवीस डिग्रीच्या आसपास लागतं आणि आपल्याकडे कूलरसमोर पण ते जमत नाही. कॉलेजात बीओडी इन्क्युबेटर, म्हणजे ठरवलेलं तापमान राखणारं कपाट, असेल तर मॅडमना सांगून जूनपासून तिथे बस. तोवर दुपारी घरात पायथन ही कॉम्प्युटरची भाषा शीक, कारण लॅबमध्ये माश्यांचे व्हिडिओ पाहून मोजायचं काम ढीगभर असतं आणि ते ज्याला येतं त्याला लवकर बसवतात.

पहिला मेल लिहिलास की पाठवायच्या आधी मला दाखव, भाचीकडून वाचून घेते.