एकच कॅमेरा आणि एकच लेन्स ठेवायची झाली तर कोणती ठेवाल?

फुजी एक्स-टी४ आणि २३ मिमी एफ/२ (एफचा आकडा जितका लहान, तितका प्रकाश जास्त). बाकी सगळं विकलं तरी ही जोडी सोडणार नाही.

कोल्हापुरात माझं बरंचसं काम तालमींत चालतं. या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर २३ मिमी म्हणजे फुल फ्रेमची (फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरची) साधारण ३५ मिमी. आखाड्याच्या कडेला उभं राहिलं की दोन्ही पैलवान अंगभर बसतात, आणि पुढं सरकून वाकलं की मानेला चिकटलेली तांबडी मातीही टिपता येते. पहाटे उजेड बेताचाच. कॅमेऱ्यांसोबत मिळणारी साधी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर जाते. एफ/२ वर तिच्या आठपट प्रकाश आत येतो. पकड सुरू असताना शटर मी १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, पैलवानाला नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत हवेतच गुलाल असतो. ही बॉडी आणि लेन्स दोन्ही धुळीपासून सीलबंद, शिवाय एकच लेन्स असल्यानं डोंगरावर ती काढायचा प्रश्नच नाही. तरी पुढं यूव्ही फिल्टरची संरक्षक काच लावाच.

रंकाळ्यावरचे लांबचे पक्षी जवळ आणून टिपायचे असतील तर मात्र ही जोडी घेऊ नका.