नव्या क्रिकेटवेड्याला

यंदा पहिल्यांदाच एवढं मन लावून बघतोयस म्हणून सांगतो. मॅच संपली की टीव्ही बंद कर. चॅनेलवरची ती 'महाचर्चा' क्रिकेटसाठी नसतेच. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत आपण ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्डकपची फायनल हरलो आणि सलग दहा सामने जिंकलेली टीम तासाभरात नालायक ठरली. त्यांच्या ट्रॅव्हिस हेडच्या १३७ धावा, आपल्या आटलेल्या बाऊंड्र्या यावर कोण बोलणार? स्टेडियममध्ये कोणता नेता बसला होता, यावरून मात्र आठवडाभर हाणामारी. फॅमिली ग्रुपवर त्यात पडू नकोस, काका लोक ऐकत नाहीत.

'खेळात राजकारण नको' हेही म्हणत बसू नकोस, ते केव्हाच आत आलंय. १९९१ मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. २००१ मध्ये मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदाला शरद पवारांनी अजित वाडेकरांना पाडलं, २०११ मध्ये विलासराव देशमुखांनी माजी कॅप्टन दिलीप वेंगसरकरांना. १९७१ ला विंडीज आणि इंग्लंड त्यांच्याच घरात जिंकणारा वाडेकरांसारखा कॅप्टन मतपेटीत हरला, कारण मतं क्लबांची, तुझी-माझी नाहीत. (वानखेडे नव्यानं बांधलं गेलं तेही पवारांच्याच कारकिर्दीत. म्हणजे शिव्या घालायच्या तर हिशेबानं.)

फारच वैताग आला तर पावसाळ्यात आझाद मैदानावर कांगा लीग बघ, मुंबईतल्या क्लबांची पावसाळी स्पर्धा. तिकीट नाही, पॅनेल नाही. ओल्या विकेटवर चेंडू कसा वागतो ते दिसेल. छत्री मात्र ने.