हलतं टार्गेट कुठलं घ्यावं?

प्रश्न : ताई, आम्ही इथे ओहायोत एका छोट्या शूटिंग क्लबचे सभासद आहोत. महिन्यातून एकदा यूएसपीएसए या अमेरिकन नेमबाजी संघटनेच्या नियमांनी पिस्तुलाची मॅच भरवतो. उघड्यावरचे तीन बे, म्हणजे गोळीबाराच्या जागा आहेत, प्रत्येकाला तीन बाजूंनी मातीचा बर्म, म्हणजे गोळ्या अडवणारा बांध. आजवर पुठ्ठ्याची उभी टार्गेटं आणि चार पॉपर (गोळी लागली की पडणारी लोखंडी टार्गेटं) एवढ्यावर भागवलं. यंदा काहीतरी हलतं हवंच, असा सगळ्यांचा आग्रह आहे. एक जण जुन्या लोखंडी पत्र्यातून टेक्सास स्टार, म्हणजे प्लेटांचं फिरतं चाक, वेल्ड करून द्यायला तयार आहे, दुसऱ्याला रिमोटच्या गाडीवर टार्गेट पळवायचंय. जबाबदारी माझ्यावर आहे. कोणाला हो म्हणू?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : तूर्त दोघांनाही नाही म्हणा, पण गोडीत म्हणा. क्लबात स्वतःच्या हाताने काम करणारी माणसं सहजासहजी मिळत नाहीत, आणि या दोघांना मी लगेच दुसरं काम सुचवणार आहे.

तुमचं पहिलं हलतं टार्गेट स्विंगर असू द्या. अँगलचा भक्कम सांगाडा, मधे बेअरिंगवर डुलणारा दांडा, दांड्याच्या वरच्या टोकाला लाकडी पट्ट्यांवर स्टेपल केलेला पुठ्ठा, खालच्या टोकाला वजन. दांडा एका बाजूला कलंडवून खिटीत अडकवायचा. पॉपर पडला की केबल ओढली जाते, खिटी सुटते आणि पुठ्ठा डुलायला लागतो. खालचं वजन थोडं वर सरकवलं की चाल संथ, खाली नेलं की जोरात. बॅटरी नाही, मोटर नाही. सगळं गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर, त्यामुळे पहिल्या शूटरला मिळाली तीच चाल शेवटच्यालाही मिळते. आणि मुख्य म्हणजे स्विंगरची बैठक जागची हलत नाही. पुठ्ठा कुठून कुठे जाणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणजे गोळी कुठे जाणार तेही.

माझी निवड याच एका प्रश्नावर ठरते. टार्गेट किती मजेशीर आहे ते नंतर. त्याच्या प्रवासातल्या प्रत्येक जागी मारलेली गोळी, आणि प्रत्येक चुकलेली गोळी, कशात घुसणार ते आधी. मॅचच्या आदल्या दिवशी दोघांनी मिळून तपासा. एकाने पुठ्ठा हाताने डावीकडच्या टोकाला धरायचा, मग मधे, मग उजवीकडे. दुसऱ्याने रिकाम्या हाताने स्टेजवरच्या, म्हणजे टार्गेटांच्या त्या मांडणीतल्या, गोळी मारायच्या प्रत्येक जागेवरून बघायचं. उभं राहून बघायचं, गुडघ्यावर बसून, भिंतीच्या कडेने वाकूनही. डोळ्यापासून पुठ्ठ्यातून पुढे गेलेली रेघ बर्मच्या माथ्याच्या बरीच खाली मातीत शिरली पाहिजे. खालच्या खिडकीतून गुडघ्यावर बसून मारायचं असेल तर सावध राहा : तिथून नळी वर रोखलेली असते, आणि उभ्याने निर्धोक वाटलेला पुठ्ठा बर्मच्या वर आकाशात दिसू लागतो. उलट टार्गेट फार बुटकं असेल तर गोळी बर्मच्या अलीकडे जमिनीवर आपटते, आणि जमीन खडीची असेल तर उसळून कुठेही जाते.

बाजूंना जरा जास्तच मोकळीक ठेवा. नवखा शूटर डुलत्या पुठ्ठ्याच्या मागे नळी फिरवतो आणि पुठ्ठा निघून गेल्यावर चाप ओढतो. स्विंगर बाजूच्या बर्मला खेटून ठेवला असेल, तर त्याच उशिरापायी तो 180 अंशांची हद्दही मोडेल, म्हणजे नळी मागच्या बाजूला वळवेल.

आता दांडा. पुठ्ठ्यातून गोळी आरपार जाते, पण दांडा, वजन आणि सांगाडा लोखंडाचे असतात. बरेच क्लब ते प्लॅस्टिकच्या पिंपामागे लपवतात. नियमांच्या लेखी पिंप अभेद्य, त्यातून गेलेल्या गोळीला गुण नाहीत. गोळीला हे कोणी सांगितलेलं नसतं. ती पिंपातून आरपार जाऊन दांड्याला लागते. मॅचनंतर असा एखादा दांडा हातात घेऊन बघा : कडेने शिशाची चकाकती पुटं, गोल पाइपवर बोटाच्या पेराएवढे पोचे, आणि प्रत्येक पोच्यातून कपच्या वेगळ्याच दिशेला उडालेल्या. म्हणून पिंपात वाळू भरा, किंवा दांड्यापुढे एआर500 या कडक पोलादाची सपाट प्लेट थोडी पुढे झुकवून लावा. कपच्या मग खाली मातीत जातात. वेल्डिंगवाल्या मित्राला हा सांगाडा करायला सांगा. त्याचा हात कसा आहे तेही कळेल.

टेक्सास स्टारला माझा कायमचा विरोध नाही. पाच प्लेटांचं ते चाक मलाही आवडतं. एक प्लेट पडली की तोल जाऊन चाक फिरायला लागतं आणि भलेभले शूटर मॅगझिन रिकामं करतात. माझा विरोध जुन्या पत्र्याला आहे. साध्या लोखंडावर गोळीने खळगा पडतो, आणि पुढची गोळी त्या खळग्यात लागली की वाटीत वळल्यासारखी मारणाऱ्याकडेच परतते. एका क्लबात टायमर धरलेल्या आरओच्या (रेंज ऑफिसर, म्हणजे पंचाच्या) गालात तांब्याच्या जॅकेटची नखाएवढी कपची रुतलेली मी पाहिली आहे. चष्मा होता म्हणून गालावर निभावलं. प्लेटा एआर500च्या, निदान 3/8 इंच जाडीच्या घ्या, वॉटरजेटवर कापलेल्या, आणि बोल्टने बसवा. माझं आयुष्य मशीन शॉपमध्ये गेलंय. कडक पोलादाला वेल्ड मारला की टाक्याभोवतीची जागा मऊ पडते, आणि खळगे तिथेच पडायला लागतात. स्टार फक्त समोरून मारता येईल असा ठेवा. तिरप्या कोनातून प्लेटची कड लागली तर गोळी कुठे जाईल सांगता येत नाही. लोखंडापासून 23 फूट हे किमान अंतर आहे. जमिनीवर हद्दीची पट्टी टाकणार असाल तर ती 26 फुटांवर, म्हणजे कुणाचा पाय पडलाच तरी 23 शिल्लक राहतात. मी स्वतः याहून लांब ठेवते.

रिमोटची गाडी मात्र नकोच. ती दगडाला अडून तिरकी होते, मधेच थांबते, आणि तिच्या पोटात लिथियमची बॅटरी असते. त्या बॅटरीत गोळी गेली तर आगीशी गाठ. पळतं टार्गेट हवंच असेल तर उताराच्या रुळावरून वजनाने ओढला जाणारा स्लायडर करा, रूळ चरात बसवा आणि समोर वाळूच्या गोण्या रचा. गाडीवाल्या मित्राला हे काम नक्की आवडेल.

पॉपर मायनरच्या, म्हणजे 125च्या आसपासच्या पॉवर फॅक्टरच्या (गोळीच्या जोराचं माप) गोळीने पडतो ना, हे सकाळीच पाहा. वारा सुटला की पुन्हा पाहा. सैल पॉपर वाऱ्याने पडतो आणि शूटरच्या आधी स्विंगर सुरू होतो.

राहिला रीसेट, म्हणजे पुढच्या शूटरसाठी टार्गेटं पुन्हा मांडणं. आरओने ‘रेंज इज क्लिअर’ म्हटल्यावर सगळे पुढे धावतात, कुणी भोकांवर टेप लावतो, कुणी पॉपर उभे करतो. खिटी लावायचं काम एकाच माणसाला द्या, आणि त्याने ते सगळे मागे फिरल्यावर शेवटी करायचं. सुटलेला दांडा वाकलेल्या माणसाच्या कानशिलात बसतो. स्प्रिंगवर शिंपल्यासारखं मिटणारं क्लॅमशेल टार्गेट तर बोटंही सोडत नाही. पहिल्या वर्षी ते घेऊच नका.

प्रश्न : माझा भाचा पुण्यात एअर पिस्तूल शिकतो. त्याला तिथे हलत्या टार्गेटचा खेळ करता येईल का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आम्ही इथे सर्रास वापरतो ते 9 मिमी पॅराबेलम काडतूस भारतात प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला मनाई असलेल्या मापात येतं, म्हणजे आमच्या पद्धतीचा खेळ विसरा. पण हलतं टार्गेट म्हणजे फक्त आमचा धुरळा नव्हे. 10 मीटर रनिंग टार्गेट हा एअर रायफलचा प्रकार 1992 ते 2004 ऑलिम्पिकमध्ये होता. 2 मीटरच्या फटीतून टार्गेट पळतं, संथ फेरीत 5 सेकंद दिसतं, जलद फेरीत अडीच. भाच्याच्या प्रशिक्षकांना विचारा. आणि तो स्थिर टार्गेटला कंटाळला असेल तर 2024च्या पॅरिसमधलं कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य त्याला दाखवा. ते टार्गेट जराही हलत नव्हतं.

प्रश्न : ड्रॉप टर्नर (क्षणभर वळून दिसणारं आणि मग पडणारं टार्गेट) वळून पडला आणि मी मारायचा राहिलो. आरओने मिस धरला नाही. मित्र म्हणतो, धरायला हवा होता.
– एक वाचक, टेक्सास

उत्तर : मित्राला यूएसपीएसएचा नियम 9.9 वाचायला द्या. हालचाल संपल्यावर टार्गेटचा ए झोन, म्हणजे सर्वाधिक गुणांचा भाग, जरासुद्धा दिसत नसेल, तर मिसचे 10 गुण वजा होत नाहीत. डुलत राहून सारखा दिसणारा-लपणारा स्विंगर मात्र यातून सुटत नाही. आणि टर्नर सुरू करणारा पॉपर तुम्ही पाडलाच नसता, तर तुम्हीही सुटला नसता.