मराठीत वाचण्यासारख्या अलीकडच्या प्रेमकथा कोणत्या?

पहिलं नाव सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’चं. २००६ची कादंबरी, म्हणजे अगदी कोरी नव्हे, पण आजही ताजी वाटते. पुण्यातलं घर, वर भाड्याने राहायला आलेला एक तरुण, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ-बहीण, तनय आणि अनुजा. आधी तनय बोलतो, मग अनुजा. तेच दिवस, तोच माणूस, पण दोघांना दिसलेला वेगळा. मी गोव्यात रायबंदरहून चोडण बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीत वाचत होते. धक्का आला, लोक उतरले, स्कूटर सुरू झाल्या, मी आपली बाकावरच. तशीच परत रायबंदरला पोचले! (सिनेमाही आहे, पण आधी पुस्तक.)

दुसरी, प्रणव सखदेव यांची ‘काळेकरडे स्ट्रोक्स’. हिला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळालाय. कॉलेजवयातलं प्रेम, मैत्री आणि बराच अंधार. गुलाबी काही हवं असेल तर हिच्या वाटेला जाऊ नका.

पणजीत असाल तर विकत घेण्याआधी पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात चक्कर मारा. दहा पानं तिथेच बसून वाचा. जीव रमला तरच पैसे घाला.